साहेबांच्या हाताचं कुलूप

कुलपाच्या आत शिरायचं तर आधी डोळे मिटावे लागतात, असं किल्लीवाल्याचं म्हणणं होतं. ते त्याने फारसं कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा बायकोला सांगून पाहिलं, तर ती म्हणाली, "डोळे मिटून तुम्ही कुलपात शिरत नाही, घोरायला लागता." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

त्याचं दुकान टायरवाला आणि इस्त्रीवाला यांच्या मधे, चिमटीत सापडल्यासारखं होतं. हात पसरले की दोन्ही भिंतींना बोटं लागत. एका भिंतीवर न कापलेल्या किल्ल्या खिळ्यांना लटकलेल्या. दुसऱ्या भिंतीला लागून फळी, फळीवर वस्तू आवळून धरायचा शेगडा, कानशी, भिंग आणि एक डबा. घरांची कुलपं तो घेत नसे. गाड्यांच्या दारांची तेवढी घ्यायचा. झिजलेली, अडकलेली, किल्ली आत मोडून बसलेली. तीस वर्षं हेच करत आला होता, आणि अजूनही प्रत्येक कुलूप हातात घेताना त्याला वाटे, हे काही आपल्याच्याने व्हायचं नाही.

गाडीच्या दाराचं कुलूप म्हणजे बोटाएवढी नळी. नळीत नखाएवढ्या पितळी पत्त्या एकीमागे एक उभ्या असतात आणि प्रत्येकीला केसासारखी स्प्रिंग असते. बरोबर किल्ली आत गेली की तिचे दाते एकेका पत्तीला जिथल्या तिथे आणून ठेवतात, सगळ्या एका रेषेत येतात आणि नळी फिरते. वर्षानुवर्षं वापरून पत्त्या झिजतात, किल्लीही झिजते. मग दोघी एकमेकींची झीज सांभाळून कसाबसा संसार रेटतात. किल्लीवाल्याचा गुरू सांगायचा, झिजलेली पत्ती एकही आत ठेवायची नाही, ती शेजारणीला बिघडवते. म्हणून तो जुन्या पत्त्या सगळ्याच्या सगळ्या काढून डब्यात टाकायचा आणि नव्या बसवायचा. जुनी किल्ली शेगड्यात धरून तिचे दोन तुकडे करायचा, उगाच कुणाच्या हाती लागायला नको. तीस वर्षांच्या कुलपांच्या पत्त्या त्या डब्यात एकत्र नांदत होत्या. डबा हलवला की दूर कुठेतरी वाळू सरकल्यासारखा आवाज येई.

एका दुपारी एक बाई दुकानाशी येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या असाव्यात. बाहीवर खडूची पूड होती.

"दादा, कुलूप दाखवायला अख्खं दार काढून आणावं लागतं का?"

"दार घरीच राहू द्या, ताई. मीच येतो. काय होतंय?"

"वडिलांची गाडी आहे. परवा ते आत बसले आणि आतून दाराची खुंटी दाबली. मी बाहेर किल्ली घेऊन पाऊण तास उभी. किल्ली फिरेचना. वर ऊन, काचा बंद, मला घाम फुटलेला, आणि हे आतून माझ्याकडे बघून हसतायत."

"अरे देवा. मग?"

"मग शेजारी काच फोडायला दगड घेऊन आला. दगड बघून बाबांनी स्वतःच दार उघडलं आणि त्याला विचारलं, तुमचं काही हरवलंय का?"

पलीकडे टायरवाला टायर सोडून हसायला लागला. ताईही हसल्या, पण अर्ध्यावर थांबल्या.

"एरवी ती किल्ली कुणाला लागते?" किल्लीवाल्याने विचारलं.

"बाबांना. त्यांच्याच हाताला लागते. दुसऱ्या कुणाला नाही."

या वाक्यापाशी आपण थांबायला हवं होतं, असं पुढे त्याला कितीतरी वेळा वाटलं. पण त्या दिवशी त्याला त्यात फक्त एक झिजलेलं कुलूप ऐकू आलं.

गाडी ताईंच्या घरामागच्या अंगणात, एका मोठ्या झाडाखाली उभी होती. जुनी, फिकट निळी. चारही चाकं बसलेली, त्यामुळे गाडी जमिनीवर मांडी घालून बसल्यासारखी दिसत होती. वडील वरच्या खोलीत दुपारचे झोपले होते. आयुष्यभर औषधांच्या कंपनीसाठी गावोगाव फिरलेले. गल्लीत त्यांना सगळे साहेब म्हणत. किल्लीवाल्याने ताईंनी उघड्या ठेवलेल्या दाराचं आतलं पॅड काढलं, कुलपामागची सळई सोडवली आणि नळी रुमालात गुंडाळून दुकानात आणली.

नऊ पत्त्या होत्या. भिंगाखाली पाहिल्या तर एकीचाही काठ सरळ नव्हता. किल्लीचे दाते तर साबणाच्या उरलेल्या तुकड्यासारखे गुळगुळीत झालेले. या दोघींनी इतकी वर्षं दार उघडलं कसं, याचं त्याला नवल वाटलं. मग त्याने डोळे मिटले, थोडं घोरून घेतलं, आणि कामाला लागला. जुन्या पत्त्या डब्यात गेल्या. जुन्या किल्लीचे दोन तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने कुलूप परत बसवलं आणि किल्ली घातली. पाण्यात बोट फिरावं तशी ती फिरली. नुसता तो आवाज ऐकायला त्याने आठ वेळा दार लावलं आणि उघडलं. ताईंना दोन किल्ल्या दिल्या, त्यातल्या एकीला साहेबांचा जुना चामडी पट्टा अडकवून दिला, आणि गुणगुणत घरी गेला.

"आज काय, कुलूप प्रसन्न झालं वाटतं?" बायको म्हणाली.

"झालं," तो म्हणाला.

सहाव्या दिवशी ताई परत आल्या. या वेळी त्या उंबऱ्याशी न थांबता सरळ आत आल्या आणि स्टुलावर बसल्या.

"दादा, कुलूप पहिल्यासारखं करून द्या."

"बिघडलं?" त्याने हातातली कानस खाली ठेवली.

"नाही हो. छान चालतंय. तेच तर."

मग त्यांनी सांगितलं. सांगताना त्या त्याच्याकडे न बघता भिंतीवरच्या किल्ल्यांकडे बघत होत्या.

गेली दोन वर्षं साहेब घरात त्यांना ओळखत नव्हते. 'बाई' म्हणायचे. बाई, पाणी देता का. बाई, तुमचं घर लांब आहे का, अंधार पडायच्या आत निघा. पण रोज चार वाजता ते बूट घालून खाली जायचे, गाडीचं दार उघडायचे, बसायचे, आणि वाकून पलीकडच्या दाराची खुंटी वर करायचे. ताई शेजारी जाऊन बसल्या की त्यांच्याकडे बघायचे आणि घरातल्या लाडक्या नावाने हाक मारायचे.

"मग आम्ही निघायचो."

"कुठे?"

"कुठेही. गाडीला बॅटरीसुद्धा नाही. ते स्टिअरिंगचं चाक धरून बसायचे आणि सांगायचे, हा आला नदीवरचा पूल, आता डावीकडे एक औषधांचं दुकान लागेल, त्याचा मालक उधार मागतो पण माणूस चांगला. मला विचारायचे, गणितात किती पडले? मी सांगायची. कधी चांगले सांगायची, कधी मुद्दाम वाईट. वाईट सांगितले की बोलणी बसायची." त्या जराशा हसल्या. "पाऊण तास. दिवसातला तेवढा वेळ मला वडील होते, दादा."

"आणि आता?"

"पहिल्या दिवशी त्यांनी किल्ली घातली आणि त्यांचं ते नेहमीचं काहीतरी करायला लागले. पण हात पुरा व्हायच्या आतच कुलूप उघडलं. ते तसेच थांबले. किल्ली काढली, दार परत नीट लावलं आणि गाडीला म्हणाले, माफ करा, चूक झाली. वर आले आणि मला म्हणाले, बाई, ही आमची गाडी नाही. आमच्या गाडीला आमचा हात कळतो."

टायरवाल्याचा हातोडा थांबलेला होता.

"आज सकाळी म्हणाले, बाई, आमच्या मुलीला एवढा निरोप द्या, गाडी चोरीला गेली, आता मला तिला आणायला येता येणार नाही."

ताई गेल्यावर किल्लीवाल्याने डबा उचलून फळीवर उपडा केला.

पितळेचा ढीग पसरला. हजारो पत्त्या, सगळ्या सारख्या पिवळ्या, सगळ्या आपापल्या परीने झिजलेल्या. भिंग लावून तो त्यातल्या साहेबांच्या नऊ शोधायला लागला. इस्त्रीवाला येऊन बघून गेला. टायरवाल्याने मान आत घातली.

"काय शोधतोस रे?"

"नऊ पत्त्या."

"मग घे की नऊ. एवढ्या पडल्यात."

संध्याकाळपर्यंत त्याने चाळीस पत्त्या बाजूला काढल्या आणि त्यातली एकही आपली नाही अशी त्याची खात्री झाली. आणि समजा सापडल्या असत्या, तरी कोण कुणापुढे उभी होती हे कोण सांगणार?

घरी त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. बायकोने दोनदा वाढलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्याने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तुमची चूक काय?" ती म्हणाली. "काम चांगलं केलंत, एवढीच ना?"

"तसंच काहीसं."

"रोजच्या कामात एवढी चूक करत नाही तुम्ही." मग तिने भाताचं भांडं बाजूला सारलं. "आपल्या न्हाणीघराचं दार मी कसं उघडते सांगा."

"कसं म्हणजे?"

"कडीला धरून जरा वर उचलायचं आणि गुडघ्याने ढकलायचं. वीस वर्षं. उद्या तुम्ही ते दुरुस्त केलंत तर माझा गुडघा रोज सकाळी हवेत जाईल आणि मी तोंडावर पडेन. पण दाराचं जाऊ द्या, माझा गुडघा तर माझ्याकडेच आहे ना? त्याला सगळं पाठ आहे."

त्याने न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं.

"पत्त्या कसल्या धुंडाळताय?" ती म्हणाली. "त्या साहेबांचा हात आहे ना अजून?"

दुसऱ्या दिवशी तो एका फळकुटावर तसंच एक जुनं कुलूप ठोकून ताईंच्या घरी गेला. साहेब खिडकीशी खुर्चीत बसले होते. उंच, दाढी केलेले, सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा लावलेले.

"साहेब, जरा या कुलपात किल्ली फिरवून दाखवता?"

साहेबांनी फळकुटाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "हे फळकूट आहे," ते सौम्यपणे म्हणाले. "फळकुटाला कुलूप कशाला लावतात? तुमची तब्येत बरी आहे ना?"

ताईंनी तोंडावर हात धरला. किल्लीवाला फळकूट काखेत मारून जिना उतरला. खाली झाडाखाली ती निळी गाडी बसली होती, आणि तिच्याभोवती फिरताना त्याने पहिल्यांदाच पलीकडच्या दाराला हात लावला. तिथेही एक कुलूप होतं. भोकात माती भरलेली.

"ताई, हे दार?"

"ते बाहेरून उघडतच नाही. माझ्या लहानपणापासून. बाबाच आतून उघडतात."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

खरंच होतं. जे कुलूप दाखवलं त्यातच शिरायचं, शेजारी काय आहे ते बघायचं नाही, अशी त्याची रीत होती. त्या दिवशी तो कपाळाला हात लावून बराच वेळ झाडाखाली बसला. बाहेरून उघडायला ताईंना एक दार हवं होतं. ते हेही चाललं असतं. साहेबांच्या दाराला हात लावायची गरजच नव्हती.

पलीकडचं कुलूप त्याने दोन दिवसांत नवं केलं, ताईंच्या किल्लीने उघडेल असं. आता साहेब आत कोंडले गेले तरी बाहेरून त्यांना काढता येणार होतं. पण ते आत बसणार कसे, हा प्रश्न तसाच होता. त्या संध्याकाळी जिन्यावर बसून ताई म्हणाल्या, "आज ते मला बाईसुद्धा म्हणाले नाहीत. दिवसभर काहीच म्हणाले नाहीत."

दुसऱ्या दिवशी चार वाजता किल्लीवाला वर गेला. या वेळी हात रिकामे होते.

"साहेब, माफ करा, त्रास देतो. खाली एक गाडी उभी आहे, ती उघडत नाहीये. मी हात टेकले. म्हटलं, तुम्ही एवढं फिरलेले, जरा बघता का?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कुणाची?"

"एकांची आहे. त्यांना जमत नाहीये."

"लोक गाड्या घेतात," साहेब उठत म्हणाले, "आणि सांभाळत नाहीत."

असं ते सुरू झालं. किल्लीवाल्याने साहेबांच्या दारातल्या नळीत अर्ध्याच पत्त्या बसवल्या होत्या आणि त्याही अडखळतील अशा. साहेब बाहेर उभे राहत. किल्लीवाला पलीकडच्या दाराने आत शिरून चाकामागे, गुडघे हनुवटीला लावून, दाराकडे तोंड करून बसे. दाराचं पॅड काढलेलं असल्यामुळे कुलपाची मागची बाजू त्याच्या नाकासमोर असे. तिथे एक लोखंडी जीभ होती. बाहेर किल्ली जे करी ते आत ती जीभ करून दाखवी. काच वरून बोटभर उघडी होती, तेवढ्यातून बोलणं होई.

"आत तुम्ही काय करताय?" साहेबांनी विचारलं.

"आतून बघतो, साहेब."

"बघा बघा. कुणीतरी बघायला हवंच."

जीभ हलली. किल्ली पूर्ण आत गेली होती. मग ती केसभर मागे आली. मग डावीकडे झुकली, अगदी थोडी, कुणाला तरी वाट द्यावी तशी. त्याच वेळी दार उघडायचा बाहेरचा दांडा उचलला गेला, दाराचा भार हलका झाला, आणि मग जीभ उजवीकडे वळायला लागली आणि अडकली.

"छे," साहेब म्हणाले. "ही तयार नाही अजून. मालकाला सांगा, ओरबाडू नका म्हणावं. आधी विचारायचं असतं."

"कुणाला विचारायचं, साहेब?"

"कुलपाला. दुसऱ्या कुणाला?"

किल्लीवाल्याने खडूने जिभेच्या कडेला खुणा केल्या. दुकानात जाऊन नव्या पत्त्या घेतल्या आणि त्यांना कानस लावली. हात थबकला. आयुष्यभर तो वाकडं ते सरळ करत आला होता. चांगली, धारदार काठांची पत्ती जाणूनबुजून वाकडी घासायची म्हणजे त्याला स्वतःच्याच तोंडात मारून घेतल्यासारखं वाटलं. गुरू असता तर उठून गेला असता. त्याने डोळे मिटले आणि घासायला लागला.

दुसऱ्या दिवशीही साहेबांनी मान हलवली. "बरी आहे कालच्यापेक्षा. पण घाई करते." त्यांनी काचेच्या फटीतून त्याला सांगितलं की एकदा डोंगराळ भागात त्यांची गाडी अशीच रुसली होती, आणि ते तिच्याशेजारी दगडावर बसून राहिले, आणि ऊन उतरल्यावर ती आपण होऊन उघडली. सांगता सांगता त्यांचा हात दाराच्या दांड्यावर तसाच राहिला होता. आतून किल्लीवाल्याला फक्त त्यांच्या सदऱ्याची बटणं आणि मागे हलणारी पानं दिसत होती. झाडाच्या सावल्या बोनेटवरून मागे मागे सरकत होत्या आणि क्षणभर त्याला वाटलं, गाडी चालू लागली आहे.

तिसऱ्या दुपारी, दुकानात, कानस हातात असताना त्याला डुलकी लागली. तो एका लांबलचक बोळात उभा होता. दोन्ही बाजूंना पितळेच्या भिंती, आणि लांबवर, किल्लीच्या भोकाएवढं ऊन. त्या उन्हातून कुणीतरी चालत आलं. उंच माणूस, हातात औषधांच्या नमुन्यांची पेटी. बोळात ठिकठिकाणी पत्त्या आडव्या उभ्या होत्या, बंद दारांसारख्या. तो माणूस प्रत्येकीपाशी थांबायचा, बोटाच्या पेराने हलकेच ठोकायचा आणि विचारायचा, "आहे का कुणी?" आणि पत्ती बाजूला व्हायची. सातवीपाशी मात्र तो थांबला. ठोकलं. वाट पाहिली. एक पाऊल मागे सरकला, पेटी डाव्या हातात घेतली, आणि मग गेला.

किल्लीवाला जागा झाला. टायरवाला समोर उभा होता.

"स्वप्नात बडबडत होतास. सातवी, सातवी. वहिनींना सांगू का?"

"सांग," तो म्हणाला आणि सातवी पत्ती शेगड्यात धरली. तिच्या डाव्या खांद्याला त्याने एक बारीकशी खाच घातली, नुसत्या डोळ्याला न दिसेल एवढी. किल्ली नवी करून तिचे दाते दगडावर घासून गुळगुळीत केले, त्यात चामडी पट्टा अडकवला. हे सगळं करताना, हे काही आपल्याच्याने व्हायचं नाही, असं त्याला वाटत होतंच. त्याची त्याला सवय होती.

चार वाजता साहेब खाली आले. त्यांच्या मागे दोन पायऱ्या सोडून ताई उतरल्या आणि गाडीच्या मागच्या बाजूला उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात पलीकडच्या दाराची किल्ली होती; मुठीतून तिचं टोक तेवढं दिसत होतं. किल्लीवाला नेहमीसारखा चाकामागे गुडघे पोटाशी घेऊन बसला.

"अजून जमलं नाही त्या माणसाला?" साहेब म्हणाले.

"नाही, साहेब."

"आज शेवटचं बघतो. मग त्यांनी दुसरी गाडी घ्यावी."

किल्ली आत आली. पूर्ण आली. केसभर मागे. डावीकडे, किंचित. दांडा वर. जीभ उजवीकडे वळली, सातव्या पत्तीपाशी अडखळली, आणि बाहेर हात थांबला. फार वेळ थांबला. एक पान काचेवर पडलं आणि घरंगळत खाली गेलं. मग किल्ली पुन्हा केसभर मागे आली, एखाद्याला आधी जाऊ द्यावं तशी, आणि जीभ सरळ उजवीकडे गेली. खट्.

दार उघडलं.

साहेब दाराचा दांडा धरून तसेच उभे होते. त्यांनी एकदा छतावर हात ठेवला. मग काचेवर. त्यांचा चेहरा हळूहळू, खोलीत कुणी दिवा आणावा तसा, उजळत गेला. मग त्यांची नजर आत गेली.

"तुम्ही कोण?"

"मी... साहेब, मी कुलूप..."

"माझ्या गाडीत काय करताय?" आवाज असा चढला की झाडावरचा पक्षी उडाला. "उतरा! भल्या दुपारी लोकांच्या गाड्यांत शिरता? घरी कुणी काही शिकवलं नाही? उतरा आधी!"

"उतरतो, साहेब. चुकलं." किल्लीवाला शेजारच्या सीटवरून घसरत, धडपडत पलीकडच्या दाराने बाहेर पडला आणि तीस वर्षांच्या सवयीने खुंटी दाबून दार लावलं. अशा शिव्या खाऊन कुणाला इतकं बरं वाटलं नसेल. दोन पावलं चालून तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला.

लावलेल्या दारापाशी ताई येऊन उभ्या राहिल्या. किल्ली मुठीत होती, कुलूप समोर होतं, नवंकोरं, कुणाच्याही हाताने उघडणारं. त्यांनी मूठ उघडली नाही. हात अंगाशी धरून त्या नुसत्या उभ्या राहिल्या, शाळा सुटल्यावर फाटकाशी मुलं उभी राहतात तशा.

आत साहेब बसले, दार ओढून घेतलं. सीट पुढे घेतली, मागे घेतली. आरसा नीट केला. चाकावर दोन्ही हात ठेवले आणि समोर बघत राहिले. किल्लीवाल्याला वाटलं, झालं. कुलूप ओळखलं, गाडी ओळखली, पण पुढचं विसरले. ताईंची पाठ हलत नव्हती.

मग साहेब वाकले. लांब हात शेजारच्या सीटवरून आला, बोटांनी खुंटी चाचपली आणि वर केली. ताईंनी दार उघडलं.

"चपला झाडून बस," आतून आवाज आला. "मागच्या वेळी केवढी माती आणलीस. आणि किती उशीर? मी फाटकाशी किती वेळ थांबायचं?"

ताईंनी एक चप्पल काढून झाडली. मग दुसरी झाडली. मग पहिली परत झाडली, आणि तेवढ्यात बाहीने डोळे पुसून घेतले. खडूची पूड गालाला लागली. त्या आत बसल्या आणि दार लागलं.

काचेची फट साहेबांच्या बाजूला होती आणि इकडची काच पूर्ण वर, त्यामुळे पुढचं काही ऐकू आलं नाही. साहेबांचे ओठ हलत होते. त्यांनी एक हात चाकावरून उचलून उजवीकडे काहीतरी दाखवलं, आणि ताईंनी तिकडे वळून बघितलं, जिथे फक्त कुंपणाची भिंत होती. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग साहेबांनी भुवया चढवून काहीतरी विचारलं, ताईंनी मान खाली घातली, आणि साहेबांचा चेहरा कठोर झाला. आज गणितात कमी पडले असावेत.

किल्लीवाल्याच्या तेव्हा लक्षात आलं की साहेबांच्या दाराचं पॅड अजून मागच्या सीटवर पडलंय आणि दार आतून उघडंबोडकं आहे, सळ्या आणि भोकं सगळी दिसतायत. ते बसवायला हवं होतं. चार स्क्रू, पाच मिनिटांचं काम. पण गाडी आता कुठे पोचली असेल कोण जाणे. नदी ओलांडली असेल, कदाचित त्या उधार मागणाऱ्या दुकानाशी थांबलीही असेल. मधे वाटेत कुणाला थांबवायचं कसं?

त्याने हत्यारांची पिशवी मांडीवर घेतली, जिन्याच्या खांबाला पाठ टेकली आणि गाडी परत यायची वाट बघत तिथेच बसून राहिला.